तफावत: एक पूर्णांक शून्य

आमच्या गावातल्या पुरुषांचं रक्त तेरा पूर्णांक एक आहे आणि बायकांचं नऊ, हे गेल्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अधिकृतपणे ठरलं. त्याआधीही ते बहुधा तेवढंच असणार. पण कागदावर नसल्यामुळे त्याचा कुणाला त्रास नव्हता. रक्तसमता अभियानाने चाळीस पुरुषांच्या आणि चाळीस बायकांच्या बोटांना सुई टोचली, हिमोग्लोबिनची सरासरी काढली आणि तापीकाठच्या आमच्या केळीच्या गावात चार पूर्णांक एक एवढी तफावत असल्याचं जाहीर केलं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तो आकडा खडूने लिहिला गेला. काही दिवस लोकांना तो पावसाचा आकडा वाटत होता.

त्या चाळीस बायकांत माझी आई होती. रंजनाबाई मगन पाटील, वय अठ्ठेचाळीस, रक्त सहा पूर्णांक आठ. उपकेंद्राच्या सिस्टर प्रमिलाबाईंनी तिच्या नावापुढे लाल शाईने 'तातडीने' असं लिहिलं आणि मला कोरीटला फोन केला. मी तिथे शाळेत शिकवते.

"दिपाली, तुझ्या आईला दोन वर्षांपासून पाळीत पंधरा-पंधरा दिवस जातंय. तुला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं. आम्ही रोज फोनवर बोलायचो, पण बहुतेक माझ्याबद्दल.

"पिशवीत गाठ आहे. आधी दोन बाटल्या रक्त चढवायचं, मग ऑपरेशन. अवघड काही नाही," प्रमिलाबाई म्हणाल्या. "फक्त उशीर नको."

मी आईला फोन लावला. "काही नही वं बेटा," ती म्हणाली, "या वयमा व्हस आसं. गजराबाईले बी व्हस."

शेजारच्या गजराबाई आमच्याच ओट्यावर बसलेल्या असाव्यात. मागून त्यांचा आवाज आला. "मन्हं नाव कसाले लेस? मन्हं रगत धा शे. चिठ्ठीवर लिखेल शे!"

'तातडीने' या शब्दासाठी अभियानात रकाना नव्हता. रकाने तीनच होते: पुरुष सरासरी, स्त्री सरासरी आणि तफावत. प्रमिलाबाईंचा शेरा संगणकाने स्वीकारला नाही, आणि कागदाची जी छायाप्रत वर गेली तिच्यात लाल शाई काळी होऊन बाकीच्या शाईत मिसळली.

अभियानाचा तालुका समन्वयक भाग्येश नावाचा तरुण होता. नम्र, पाठीवर सॅक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारा. त्याला विषमतेचा मनापासून राग होता आणि तो राग तो दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत सांगू शकत असे. ग्रामपंचायतीच्या सभागृहात त्याने बैठक बोलावली. पुरुष सतरंजीवर बसले. बायका नेहमीप्रमाणे दाराबाहेर, सासऱ्या-जेठांकडे पाठ करून, पदर ओढून उभ्या राहिल्या. भाग्येशने ते पाहिलं आणि त्याला वाईट वाटलं. त्याने बायकांसाठी आत वीस खुर्च्या मांडायला लावल्या. खुर्च्यांवर कुणी बसलं नाही. तेव्हा खुर्च्यांचा फोटो काढण्यात आला.

"मार्चअखेर तफावत एक किंवा त्याखाली आणायची आहे," भाग्येश म्हणाला. "सूचना करा. सगळ्या सूचनांचं स्वागत आहे."

प्रमिलाबाई उभ्या राहिल्या. बावीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाच्या सुरात त्यांनी सांगितलं की बायकांना पोटभर आणि वेळेवर जेवू द्यावं, लोहाच्या गोळ्या रोज द्याव्यात, ज्यांना रक्तस्राव आहे त्यांच्यावर उपचार करावेत आणि दुपारी एक तास सगळ्या बायकांनी आडवं व्हावं.

सभागृह हसलं. दाराबाहेरच्या बायका सगळ्यांत जास्त हसल्या.

"किती दिवस लागतील?" भाग्येशने विचारलं.

"सहा-आठ महिने. काहींना जास्त."

"पहिला अहवाल सप्टेंबरमध्ये आहे," भाग्येश हळहळला.

मग माझे वडील उठले. मगन पाटील, साडेचार एकर केळी, ठिबकवाले. गावात वावर सपाट करायचं असलं की लोक त्यांना विचारायला येतात. "साहेब," ते म्हणाले, "वावर सपाट करनं व्हई तं बाहेरथून माती आनतस का कोनी? परवडस का ते? जो उंच भाग शे तो कापनं. बस. घंटाभरनं काम."

कुणी हसलं नाही. ज्याने जन्मात एकदा तरी जमीन सपाट केली होती अशा प्रत्येकाला ते पटलं. कापलेली माती खोलगट भागात टाकायची असते, हा कामाचा दुसरा अर्धा भाग वडिलांनी बोलून दाखवला नाही, कारण तो सगळ्यांना ठाऊक असतो असं त्यांना वाटलं. भाग्येशने सॅकमधून मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिच्यात 'तफावत कमी करणे' असं सतरा ठिकाणी लिहिलं होतं. कोणत्या बाजूने, हे कुठेही लिहिलं नव्हतं.

"काका," तो भारावून म्हणाला, "हे फार मूलभूत आहे."

ऑगस्टमध्ये पुरुषांचं रक्तदान शिबिर झालं. मंडप, फलक, ध्वनिक्षेपक. चाळीसपैकी अडतीस पुरुषांनी रक्त दिलं. उरलेले दोघे सुई पाहून बाहेर गेले आणि दिवसभर बाहेरच्या व्यवस्थेत राबले. वडिलांचा गट बी पॉझिटिव्ह निघाला. आईचाही तोच. लग्न ठरताना पत्रिका पाहिल्या होत्या, हे कुणी पाहिलं नव्हतं. तरी जुळलं होतं. दात्यांसाठी तुपातला शिरा होता आणि त्यासाठी बायका पहाटे चारपासून चुलीपुढे होत्या. दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. पुरुष बारा, बायका नऊ, तफावत तीन. भाग्येशने फळ्यावरचा जुना आकडा स्वतःच्या रुमालाने पुसला.

ज्याने रक्त दिलंय त्याने पंधरा दिवस ओझं उचलू नये, यावर गावाचं एकमत झालं. डॉक्टर एक दिवस म्हणाले होते. पण डॉक्टर बाहेरचे. त्याच पंधरवड्यात केळी कापणीला आली. घड बायकांनी वाहिले. पुरुष ओट्यावर बसून खजूर खात होते आणि एकमेकांना चक्कर येते का विचारत होते. उपकेंद्रातून बायकांसाठी आलेल्या लोहाच्या गोळ्या त्याच बायकांनी रात्री दुधाबरोबर नवऱ्यांना दिल्या. कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही.

मी त्या रविवारी घरी गेले होते. आईने गोळीचं पाकीट वडिलांच्या ताटाशी ठेवलेलं मी पाहिलं.

"आई, या तुझ्या आहेत."

"रगत त्यासनं काढं," ती म्हणाली, "मन्हं कोनी काढं?"

आणि माझ्या ताटात तिने दुसरी पोळी वाढली. मी ती खाल्ली. चांगली झाली होती.

सप्टेंबरच्या मोजणीत पुरुष तेरा पूर्णांक चार आणि बायका आठ पूर्णांक आठ निघाल्या. तफावत चार पूर्णांक सहा. अभियानाआधी होती त्यापेक्षा अर्ध्या अंकाने जास्त. भाग्येशने वजाबाकी दोनदा तपासली. मग त्याने पाणी मागितलं. ते प्रमिलाबाईंनी आणून दिलं आणि देता देता म्हणाल्या, "आता तरी बायकांकडून सुरुवात करायची का?"

"मॅडम, आता सहा महिनेच उरलेत," भाग्येश म्हणाला. "आता प्रयोग करायला वेळ नाही."

अडचण अशी होती की एका माणसाला तीन महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा रक्तदान करता येत नाही. नियम कडक होता. परंतु तो दानाला लागू होता. तपासणीच्या नमुन्याला नव्हता. नमुना किती घ्यावा याची कमाल मर्यादा पुस्तिकेत दिलेली नव्हती. ऑक्टोबरपासून दर पंधरा दिवसांनी पुरुषांचा पाव लिटर नमुना घेतला जाऊ लागला. सोबत एक परिपत्रक आलं: चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही असं निदर्शनास आल्याने सर्व पुरुष लाभार्थ्यांनी प्रत्येक जेवणासोबत किमान दोन कप चहा घ्यावा. शासकीय कागदांपैकी आमच्या गावाने तंतोतंत पाळलेला हा पहिलाच. चहा करण्यासाठी अर्थातच बायका ताटावरून उठत.

"काय वं रंजना," गजराबाई एकदा म्हणाल्या, "आपला मानूस फिका व्हावा म्हनीसन आपुन चहा उकळी ऱ्हायनूत. पन आपुन तं पहिलेच फिक्या. आपली बक्षिसी कोठे शे?"

आई हसली. हसताना तिला धाप लागली आणि ती दाराच्या चौकटीला धरून थोडी थांबली. गजराबाईंनी तिच्या हातातलं पातेलं घेतलं.

दिवाळीनंतर आईचं रक्त सहा पूर्णांक एक झालं. प्रमिलाबाईंनी पुन्हा 'तातडीने' लिहिलं. या वेळी त्यांनी खाली दोन रेघा मारल्या.

डिसेंबरात सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरली. वडील दर वर्षी जातात. घेत काही नाहीत, बघतात. या वर्षी नमुने देऊन देऊन त्यांचे पाय दुखत होते, म्हणून ते एका व्यापाऱ्याच्या तंबूत टेकले. तिथे एक गिऱ्हाईक पांढरी घोडी पारखत होतं. त्याने दात पाहिले, खूर पाहिले, मग अंगठ्याने घोडीची खालची पापणी ओढून आतला रंग पाहिला. पापणी फिकी होती. "इले रगत नही," तो म्हणाला आणि निघून गेला. त्याच्यामागून आलेल्या दोघांनीही पापणीच पाहिली आणि तेही निघून गेले. व्यापाऱ्याने लगेच माणूस पाठवून जनावरांचा डॉक्टर बोलावला, घोडीला तिथल्या तिथे औषध सुरू केलं आणि सायंकाळी तिला सावलीत बांधून हिरवा घास टाकला.

वडील संध्याकाळी घरी आले. आई भाकरी थापत होती. ते तिच्यापुढे उकिडवे बसले. एकतीस वर्षांच्या संसारात ते चुलीपुढे बसलेले कुणी पाहिले नव्हते. त्यांनी हात पुढे केला आणि अंगठ्याने तिची खालची पापणी ओढली.

"काय करी ऱ्हायनात?" आई दचकली. "पीठ शे हातले. कोनी देखी!"

वडिलांनी दुसरी पापणीही ओढून पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला फोन केला. स्वतःहून केलेला त्यांचा हा दुसरा फोन. पहिला माझ्या नोकरीच्या वेळी. "दिपाली," ते म्हणाले, "तू ये. तुन्ही माय पांढरी शे. आतून."

आम्ही दोघं अभियानाच्या कार्यालयात गेलो. मी अर्ज नेला होता. आईला दोन बाटल्या रक्त मिळावं, एवढाच मजकूर. भाग्येशने तो दोनदा वाचला. त्याचे डोळे खरोखर ओले झाले. हे मी मुद्दाम नोंदवते.

"ताई, मला पूर्ण सहानुभूती आहे. पण त्या आपल्या चाळिसांच्या यादीत आहेत. बाहेरून रक्त चढवलं तर ती कृत्रिम वाढ होईल. सगळी आकडेवारी दूषित होते."

"आणि पुरुषांचं तुम्ही काढताय ते?"

"ते नैसर्गिक आहे. ते स्वेच्छेने देतात."

वडिलांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. कार्यालयात मोठं शीतकपाट होतं आणि काचेतून रक्ताच्या पिशव्या दिसत होत्या. प्रत्येकीवर नाव आणि तारीख. दुसऱ्या खणात ओळीने पाच पिशव्यांवर 'मगन पाटील' लिहिलं होतं.

"ते मन्हं रगत शे ना?" वडील म्हणाले. "मंग दे तिले. गट एकच शे. माले परत नको. तिले दे."

"काका, तो पुरावा आहे," भाग्येश अगतिकपणे म्हणाला. "तुमचं रक्त कमी झालं हे वर दाखवायचं तर ते रक्त इथे दिसायला हवं. ते दिलं तर ते कमी झालंच नाही असा अर्थ निघेल. आणि खरं सांगू, ते आता कुणाला चढवण्यासारखं राहिलेलं नाही. नमुना म्हणून घेतलंय, दान म्हणून नाही."

तरीही त्याने आमच्यादेखत वर विचारणा केली. तो वाईट माणूस नव्हता. चौथ्या दिवशी उत्तर आलं आणि त्याने ते मला वाचून दाखवलं. त्यात म्हटलं होतं की सदर मागणी सहानुभूतीपूर्वक तपासण्यात आली. तथापि अशी मागणी मान्य केल्यास अन्य महिलाही रक्त मागण्याची शक्यता नाकारता येत नाही.

मी चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यात जाऊन आले. तिथल्या डॉक्टरबाईंनी आईचे कागद पाहिले, मला बसवलं आणि साधं सांगितलं: सोमवारी घेऊन या, आम्ही करतो, तिच्या गटाचं रक्त आणायचंय, तर दोन धडधाकट दाते सोबत असू द्या. मी गावी येऊन दाते शोधायला लागले आणि तेव्हा प्रमिलाबाईंच्या वहीत डोकावले. रक्त द्यायला साडेबारा लागतं. आमच्या चाळीस पुरुषांत साडेबाराचा एकही उरला नव्हता. जे दोघे ऑगस्टात सुई पाहून पळाले होते तेही अकरावर आले होते. परिपत्रक आल्यापासून ते दिवसाला चौदा कप चहा घेत होते. यादीबाहेरच्या पुरुषांनीही यादीत येण्याच्या आशेने चहा वाढवला होता. वडील नऊ पूर्णांक नऊ होते.

"मी देते," मी म्हणाले.

प्रमिलाबाईंनी माझ्या बोटाला सुई टोचली. नऊ पूर्णांक चार. मी एम. ए. आहे. घरात तीन कपाटं पुस्तकं आहेत. हे मी कधी मोजून पाहिलं नव्हतं.

"बस खाली," प्रमिलाबाई म्हणाल्या, "आणि या गोळ्या घे. तूच खा. कुणाला देऊ नको."

शेवटी, जानेवारी संपता संपता, माझ्या शाळेतले दोन शिक्षक तयार झाले. कोरीट अभियानात नव्हतं, त्यामुळे तिथल्या पुरुषांचं रक्त अजून अंगात होतं. फेब्रुवारीतला दुसरा सोमवार ठरला. गाडी सांगितली. आदल्या संध्याकाळी मी आईची पिशवी भरायला गेले तर ती वडिलांचं अंथरूण घालत होती.

"सोमवारे त्यासना मोठा नमुना शे," ती म्हणाली. "शेवटला. भाग्येश सायेब सांगी गया, अर्धा लिटर लेतीन. घर येतीन तं उभं ऱ्हाता नही येवाव. त्यासले कोन देखी?"

"गजराबाई बघतील."

"गजराबाईना घर बी नमुना शे."

वडील खाटेवरून म्हणाले, "मी नही देत नमुना. तू जाय."

"आसं कसं? तुमनं एकनं ऱ्हायनं तं गावनं नाव जाई. लोके काय म्हनतीन, मगननी बायको आडवी उनी." मग ती माझ्याकडे वळली. "आठ दिवसनी तं बात शे, बेटा. पुढला सोमवारे जाऊत. मी कोठे चालनू?"

मी वाद घातला नाही. शाळेत सराव परीक्षा होती आणि त्या दोन शिक्षकांनाही पुढचा सोमवार अधिक सोयीचा होता. मी त्यांना कळवलं. गाडीवाल्यालाही कळवलं. सगळ्यांनी समजून घेतलं.

आई शुक्रवारी दुपारी गेली. केळीच्या वाफ्याकडे जाताना बांधावर बसली, आणि गजराबाई पोचेपर्यंत ती तशीच बसलेली होती. प्रमिलाबाई धावत आल्या. मी तीन वाजता पोचले. वडील बांधाच्या खालच्या बाजूला उभे होते आणि लोक त्यांना बसा म्हणत होते, तर ते म्हणत होते, "माले काय व्हयनं? माले काही नही व्हयनं."

अंतिम मोजणी मार्चच्या वीस तारखेला झाली. पुरुष नऊ पूर्णांक नऊ. बायकांची सरासरी आठ पूर्णांक नऊ. तफावत एक पूर्णांक शून्य. उद्दिष्ट साध्य करणारं तालुक्यातलं आमचं एकमेव गाव. बायकांची सरासरी आदल्या मोजणीत आठ पूर्णांक आठ होती. ती वाढल्याचं पाहून भाग्येशला विशेष समाधान वाटलं, कारण अभियानाच्या काळात बायकांचा आकडा वर गेल्याची ती पहिलीच वेळ. प्रमिलाबाईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की एकाही बाईचं रक्त वाढलेलं नाही. चाळीसऐवजी एकोणचाळीसने भागलं आहे.

भाग्येश खुर्चीत बसला. त्याने मोबाइलवर गणित करून पाहिलं. आई असती तर तफावत एक पूर्णांक एक राहिली असती आणि गाव अपात्र ठरलं असतं. त्याने तीनदा करून पाहिलं. उत्तर तेच आलं.

एप्रिलमध्ये समारंभ झाला. पाहुणे लांबून आले होते. मंडपातले पुरुष इतके फिके आणि शांत होते की पाहुण्यांनी गावाच्या शिस्तीचं कौतुक केलं. टाळ्या वाजवायला उठावं लागेल या धास्तीने कित्येकांनी बसूनच मान हलवली. बायकांना या वेळी पुढच्या रांगेत बसवलं होतं आणि त्या बसल्याही, कारण उभं राहून पदर ओढावा असे सासरे-जेठ सगळे मागे भिंतीला टेकून डोळे मिटून होते. भाग्येशने भाषणात आईचं नाव घेतलं. उद्दिष्टपूर्तीत कैलासवासी रंजनाबाईंचं योगदान निर्णायक ठरलं, असं तो म्हणाला. त्याला ते म्हणायचं नव्हतं.  पण आकड्यांच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नाही.

मग घरनिहाय निकाल वाचला गेला. हा भाग नवीन होता; पाहुण्यांच्या आग्रहावरून ऐन वेळी घातलेला. प्रत्येक घरातल्या पुरुषाच्या आकड्यातून स्त्रीचा आकडा वजा करायचा, आणि ज्या घरात तफावत शून्य त्या घराला 'आदर्श रक्तसमता घर' अशी पाटी द्यायची. एका घरात पुरुषाचा आकडा होता, पण स्त्रीचा रकाना रिकामा होता. संगणकाला वजाबाकी करता येईना, तेव्हा त्याने तिथे शून्य लिहिलं. गावात असं घर एकच निघालं.

निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं असलेली ती पाटी दोन माणसांनी येऊन आमच्या दारावर ठोकली. वडील ओट्यावर बसून बघत होते. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. डबे कुठे आहेत ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारायची सवय नव्हती.

"कसाना शे हाऊ पत्रा?" त्यांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं.

"समान शे म्हने आपलं घर," गजराबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या.  

वडिलांनी पाटीकडे पाहिलं. मग हळू म्हणाले, "तिन्या गोळ्या मीच खाद्यात. रोज. माले वाटे, दूध गोड लागस ते तिनामुळे." 

पाटी अजून आहे. तालुक्याहून लोक ती पाहायला येतात, फोटो काढतात आणि आपल्याही घराला अशी पाटी कशी मिळेल ते विचारतात. आपणही विचारणार असाल म्हणून सांगते. घर खेड्यातच हवं असं नाही. शहरात असलं, शिकलेलं असलं, भिंतीला पुस्तकांची कपाटं असली तरी चालतं. अर्ज करावा लागत नाही, शिफारस लागत नाही. फक्त पुढच्या सोमवारपर्यंत वाट पाहावी लागते. ती तुम्ही किती शांतपणे पाहू शकता, हे तुमच्या घरातल्या बाईला केव्हाच ठाऊक झालेलं आहे.